रुग्णालयातील नेतृत्वविकास: नागपूर आणि विदर्भातील डॉक्टर, परिचारिका व आरोग्य अधिकाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातील सरकारी आणि खासगी रुग्णालयांत बरीच वर्षे डॉक्टर म्हणून काम केल्यानंतर आता मी परिसेविका (वॉर्ड सांभाळणाऱ्या ज्येष्ठ परिचारिका), वैद्यकीय अधिकारी आणि लहान रुग्णालयांचे संचालक यांच्यासाठी प्रशिक्षणवर्ग घेतो. त्या वर्गांत तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरे शांतपणे, एका ठिकाणी आणि सविस्तर वाचायला मिळावीत, म्हणून हे लेखन केले आहे.

नेतृत्वविकास म्हणजे नेमके काय? व्यवस्थापनालाच दिलेले हे नवे नाव आहे का?

ड्युटीचा तक्ता लावणे, औषधांचे इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, वेळेवर पाठवणे, ऑक्सिजनच्या सिलिंडरची नोंद ठेवणे ही व्यवस्थापनाची कामे आहेत आणि त्यांना कमी लेखण्याचे काहीच कारण नाही, कारण ती नीट झाली नाहीत तर पुढचे सगळे बोलणे व्यर्थ ठरते. परंतु रात्री दोन वाजता तीन गंभीर रुग्ण एकदम येतात, व्हेंटिलेटर एकच मोकळा असतो, तक्त्यातील एक जण आजारी पडलेला असतो आणि हजर असलेल्या पाच-सहा जणांनी कोणाकडे बघायचे हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते, तेव्हा जे लागते त्याला मी नेतृत्व म्हणतो. त्या घटकेला कामे वाटून देणे, इतरांची शंका ऐकून घेणे, निर्णय करणे आणि तो चुकला तर त्याची जबाबदारी स्वतःकडे घेणे ही क्षमता काही जणांत उपजत दिसते. बाकीच्यांत ती सरावाने घडवता येते, आणि त्या घडवण्याला नेतृत्वविकास म्हणतात.

हे प्रशिक्षण अधिष्ठाता, वैद्यकीय अधीक्षक, जिल्हा शल्य चिकित्सक अशा वरिष्ठांसाठीच असते ना?

प्रत्यक्षात बहुतेक वेळा तसेच होते आणि माझ्या मते ती मोठी चूक आहे. वरिष्ठ अधिकारी वॉर्डात दिवसाकाठी तासभर असतात. उरलेला काळ वॉर्ड चालतो तो परिसेविका, निवासी डॉक्टर, अपघात विभागातील वैद्यकीय अधिकारी आणि प्रयोगशाळेतील ज्येष्ठ तंत्रज्ञ यांच्या भरवशावर. त्यांना पद मिळण्याच्या आधी दोन-तीन वर्षे ही तयारी मिळाली पाहिजे. पद मिळाल्यावर मिळणारे प्रशिक्षण बहुधा उशिराच येते, कारण तोवर माणसाने आपल्या आधीच्या साहेबांची किंवा सिस्टरांची पद्धत, चांगली असो वा वाईट, जशीच्या तशी उचललेली असते.

निष्णात डॉक्टर हा आपोआप चांगला विभागप्रमुख होत नाही का?

होऊ शकतो, पण त्याची खात्री देता येत नाही. वैद्यकीय शिक्षणात डॉक्टरला एकट्याने, झटपट आणि ठामपणे निर्णय घ्यायची सवय लावली जाते, आणि टेबलावर रुग्ण असताना ती सवय मोलाची असते. विभाग चालवताना मात्र इतरांना निर्णय घेऊ द्यावे लागतात, एकाच गोष्टीवर चार वेगळी मते ऐकावी लागतात आणि ज्याचे फळ सहा महिन्यांनी दिसेल अशा कामात धीर धरावा लागतो. आपल्याकडे पदोन्नती मुख्यतः सेवाज्येष्ठतेने किंवा शस्त्रक्रियांच्या नावलौकिकावर होते. या दुसऱ्या प्रकारच्या कामासाठी माणूस तयार आहे का, हे तपासण्याची पद्धत फारच थोड्या ठिकाणी आहे.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात हे आता शिकवले जाते असे ऐकले. ते खरे आहे का?

होय. २०१९ पासून देशभर लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात भारतीय वैद्यकीय पदवीधराच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत: रुग्णोपचार करणारा चिकित्सक, आरोग्यसेवेच्या चमूचा नेता आणि सदस्य, संवादक, आयुष्यभर शिकणारा आणि व्यावसायिक निष्ठा पाळणारा. त्याच्या जोडीला वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांसाठी ‘एटकॉम’ नावाचा स्वतंत्र भागही आहे. यातील ‘नेता आणि सदस्य’ ही जोडी मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण चमूत सदस्य म्हणून वागता न येणाऱ्या डॉक्टरकडून पुढे नेतृत्वाची अपेक्षा करणे कठीण असते. अडचण एवढीच, की वर्गात हे शिकलेला विद्यार्थी इंटर्नशिपमध्ये वॉर्डात येतो आणि तेथे वरिष्ठ सर्वांसमोर परिचारिकेवर ओरडताना पाहतो, तेव्हा त्याच्या मनावर ठसते ते वॉर्डातले.

नेतृत्वाचा रुग्णाच्या जिवाशी थेट संबंध आहे, याला काही पुरावा आहे का?

हा प्रश्न वर्गात बहुधा शल्यचिकित्सक विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. चार उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण शस्त्रक्रियेच्या सुरक्षा-सूचीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ती सूची प्रसिद्ध केली. भूल देण्यापूर्वी, पहिली चिरफाड करण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर जाण्यापूर्वी चमूने थांबून ठरावीक गोष्टी मोठ्याने तपासायच्या, अशी तिची रीत आहे. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिल्यावर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे दिसले. पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ही सूची सक्तीची झाली. तेथील १०१ रुग्णालयांची माहिती २०१४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा मृत्यू किंवा गुंतागुंत यांत लक्षणीय घट आढळली नाही. कागद तोच असताना असे का व्हावे, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. माझा स्वतःचा अनुभव असा, की सूची वरून फर्मान म्हणून आली की तिच्यावर नुसत्या खुणा होतात. शस्त्रक्रियेचा प्रमुख स्वतः थांबून ‘सगळ्यांनी आपापले नाव आणि काम सांगा, कोणाला काही शंका असेल तर आत्ता बोला’ असे म्हणतो, तेव्हाच ती सूची काम करू लागते.

दुसरे उदाहरण पीटर प्रोनोव्होस्ट या अमेरिकी अतिदक्षता-तज्ज्ञांचे आहे. मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे होणारा रक्तातील संसर्ग कमी करण्यासाठी त्यांनी हात धुणे, त्वचा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने स्वच्छ करणे अशा पाच साध्या गोष्टींवर भर दिला. मिशिगन राज्यातील १०३ अतिदक्षता विभागांच्या माहितीवर आधारलेला त्यांचा अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात हा संसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटल्याचे नोंदवले होते. त्या पाच गोष्टी जगातील प्रत्येक डॉक्टरला आधीपासून माहीत होत्या. नवे होते ते हे, की डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर त्याला तिथल्या तिथे थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिला गेला आणि त्या अधिकारामागे रुग्णालयाचे वरिष्ठ उभे राहिले.

तिसरे उदाहरण संशोधक एमी एडमंडसन यांचे. नव्वदच्या दशकात त्या औषध देण्यातील चुकांचा अभ्यास करत होत्या आणि चांगल्या चमूंत चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले: ज्या चमूंचे नेतृत्व आणि आपसांतले संबंध चांगले, तेथेच चुकांची नोंद जास्त होती. पुढे उलगडले ते असे, की तेथे चुका जास्त होत नव्हत्या, लोक त्या न घाबरता सांगत होते. ज्या वॉर्डाच्या चुकांच्या रजिस्टरमध्ये वर्षभरात एकही नोंद नाही, त्या वॉर्डाची मला या अभ्यासामुळे जास्त काळजी वाटते.

चौथे उदाहरण दुःखद आहे. इंग्लंडमधील स्टॅफर्डच्या रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांची गंभीर हेळसांड झाली. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला आणि त्यात २९० शिफारशी होत्या. वरिष्ठ मंडळी खर्चाच्या आणि उद्दिष्टांच्या आकड्यांत गुंतलेली होती, खालच्या लोकांनी केलेल्या तक्रारी वर पोहोचत नव्हत्या किंवा पोहोचून विरत होत्या, आणि रुग्णांचे नातेवाईक ओरडून सांगत होते तेही ऐकले गेले नाही, असे त्या अहवालाचे सार आहे. आपल्याकडील मासिक आढावा बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही.

वरिष्ठ चुकत आहेत असे दिसले तर कनिष्ठाने त्यांना थांबवायचे कसे? आपल्या संस्कृतीत ते उद्धटपणाचे दिसत नाही का?

सर्व प्रश्नांत मला हा प्रश्न सर्वांत मोठा वाटतो, म्हणून याचे उत्तर थोडे लांब आहे.

मी नवखा डॉक्टर असताना एका रुग्णालयात रात्रपाळीला होतो. वॉर्डात एकाच नावाचे दोन रुग्ण होते, आडनाव तेवढे वेगळे. मी घाईघाईने एकाला रक्ताची पिशवी लावायला घेतली. शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षणार्थी मुलीच्या लक्षात आले होते, की पिशवीवरचे आडनाव आणि केसपेपरवरचे आडनाव जुळत नाही. ती काही बोलली नाही. ती बाहेर गेली, व्हरांड्यात परिसेविकेला गाठून तिच्या कानावर घातले आणि त्या सिस्टर धावत येऊन ‘डॉक्टर, थांबा’ म्हणाल्या. पिशवी जोडायला काही क्षणच उरले होते. नंतर मी त्या मुलीला विचारले, की तू मलाच का सांगितले नाहीस? ती म्हणाली, ‘सर, आपण रागावाल असे वाटले.’ मी तोवर तिच्यावर कधीही रागावलो नव्हतो. पण वॉर्डातील हवाच अशी होती, की डॉक्टरला टोकायचे नसते हे तिला पहिल्याच आठवड्यात कळले होते.

त्या रात्रीनंतर मला पटले, की ‘बोलायला हवे होते’ असे कनिष्ठाला सांगून काही साधत नाही. बोलण्याची वाट वरिष्ठाने आधी तयार करून ठेवावी लागते. राउंडच्या सुरुवातीला ‘माझे काही चुकत असेल तर मला लगेच सांगा’ हे वाक्य वरिष्ठाने रोज म्हणावे, आणि पहिल्यांदा कोणी टोकले, भले ती शंका निराधार निघाली, तरी सर्वांसमोर त्या व्यक्तीचे आभार मानावेत. पुढचे कित्येक महिने वॉर्डात कोण किती बोलेल, ते त्या एका प्रसंगावर ठरते.

कनिष्ठासाठीही काही साधने आहेत. अमेरिकी नौदलातून कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेमार्फत रुग्णालयांत आलेली एक पद्धत आम्ही मराठीत शिकवतो. तिच्या चार पायऱ्या आहेत: आत्ता काय घडते आहे, पार्श्वभूमी काय, माझा अंदाज काय आणि मला आपल्याकडून काय हवे. रात्री वरिष्ठांना फोन करायचा असेल तर बोलणे साधारण असे होते: ‘सर, मी शल्यचिकित्सा वॉर्डातून सिस्टर बोलते आहे. बारा नंबरच्या खाटेवरील रुग्णाचा रक्तदाब अर्ध्या तासात ११० वरून ८० वर आला आहे. काल त्यांच्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली आणि ड्रेनमध्ये ताजे रक्त दिसते आहे. आतून रक्तस्राव होत असावा असे मला वाटते. आपण दहा मिनिटांत येऊन पाहावे, तोवर मी रक्तपेढीला कळवून ठेवते.’ यात ‘सर’ आहे, ‘आपण’ आहे, आदराला कोठेही धक्का नाही आणि तरीही अंदाज आणि मागणी दोन्ही स्पष्ट आहेत. ‘सर, पेशंट बरा वाटत नाही’ एवढ्यावर फोन ठेवण्याची सवय मोडण्यासाठी आम्ही हे संभाषण जोड्या करून, मोठ्याने, निदान दहा वेळा म्हणवून घेतो. नुसते समजावून सांगितल्याने ते जिभेवर बसत नाही.

चूक कबूल करणाऱ्याला मेमो मिळत असेल तर कोण कबूल करील?

कोणीही करणार नाही. म्हणून आधी तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. थकव्यामुळे किंवा सारख्या दिसणाऱ्या कुप्यांमुळे झालेली गफलत, सगळेच जण सोयीसाठी मोडत आलेला नियम आणि जाणूनबुजून केलेला बेदरकारपणा यांना एकच मेमो देणे अन्यायाचे आहे. पहिल्या प्रकारात माणसाला धीर द्यावा आणि कुप्यांची जागा बदलावी. दुसऱ्यात तो नियम पाळणे अवघड का झाले आहे, याचा शोध घ्यावा. शिस्तभंगाची कारवाई तिसऱ्यासाठी राखून ठेवावी. हा भेद करता येणे हे अधीक्षकाच्या नेतृत्वाचे मोठे काम आहे आणि प्रत्यक्ष घटनांच्या चर्चेतून ते शिकता येते.

परिचारिकांना नेतृत्वाचे प्रशिक्षण देऊन उपयोग काय? निर्णय तर डॉक्टरच घेतात.

हे विधान ऐकले की मला वाईट वाटते. रुग्णाला कोणत्या क्रमाने पाहायचे, कोणाचे श्वास वाढले आहेत हे डॉक्टरला केव्हा कळवायचे, नव्या मुलीला कोणत्या खाटा द्यायच्या, भेदरलेल्या नातेवाइकाला कोठे बसवायचे हे सगळे निर्णय परिचारिकाच घेतात. पाळी बदलताना ओव्हर देण्याच्या, म्हणजे रुग्णांची माहिती पुढच्या पाळीला सोपवण्याच्या, त्या दहा-पंधरा मिनिटांत काय सांगितले जाते आणि काय राहून जाते, यावर पुढच्या आठ तासांतील कितीतरी गोष्टी अवलंबून असतात, आणि ओव्हर नीट चालवणे हे पूर्णपणे परिसेविकेच्या नेतृत्वाचे क्षेत्र आहे. अधिपरिचारिकेपासून परिसेविका, सहायक अधिसेविका आणि अधिसेविका अशी पदांची उतरंड असली, तरी प्रत्येक पायरीवर नव्याने काय शिकायचे हे सांगणारे कोणी नसते. पदोन्नतीचा आदेश निघतो आणि दुसऱ्या दिवसापासून काल बरोबरीने डबा खाणाऱ्या मैत्रिणींच्या ड्युट्या लावायच्या असतात. त्या एका बदलासाठी तरी प्रत्येक परिसेविकेला एखाद्या अनुभवी सिस्टरांची वर्षभराची सोबत मिळावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्याने काय करायचे?

सपाट भागात साधारण ३०,००० आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. पंचविशीतला डॉक्टर तेथे रुजू होतो आणि त्याच्या हाताखाली आरोग्य सहायिका, आरोग्य सेविका, औषधनिर्माता, चालक, उपकेंद्रांतील समुदाय आरोग्य अधिकारी, शिवाय आशाताई आणि त्यांच्या कामावर देखरेख करणारे गटप्रवर्तक असतात. त्यांतील अनेकांचा अनुभव त्याच्या वयाइतका असतो. तो एकटा नसतो, पण पहिले वर्ष बहुतेकांना एकटेपणाचेच वाटते. अशा अधिकाऱ्यांना मी सुचवतो, की पहिल्या महिन्यात कोणताही बदल करू नये. प्रत्येक उपकेंद्रावर जाऊन आरोग्य सेविकेसोबत एक संपूर्ण दिवस चालावे आणि तिला विचारावे, की ताई, तुमचे कोणते काम मी हलके करू शकतो? त्या उत्तरांतून जे पहिले काम हाती घेतले जाते, ते सहसा यशस्वी होते. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत सरपंचांशी बोलणे, अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीचा हिशेब वाचता येणे आणि आशाताईंचे थकलेले मानधन वेळेवर निघावे म्हणून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करणे हीही या पदाची नेतृत्वाचीच कामे आहेत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र संवर्ग असावा असे सुचवले आहे, त्यामागे हीच गरज आहे.

नागपूरच्या संदर्भात वेगळे काय शिकवावे लागते?

१९४७ मध्ये सुरू झालेले मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो आणि डागा ही सरकारी रुग्णालये, आणि २०१८ साली पहिली तुकडी सुरू झालेले, आता मिहान प्रकल्पाच्या परिसरात असलेले एम्स अशा संस्थांमुळे आणि धंतोली-रामदासपेठेतील खासगी रुग्णालयांमुळे नागपुरात फक्त नागपूरचे रुग्ण येत नाहीत. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया येथून, तसेच छिंदवाडा, बालाघाट आणि बैतूलकडूनही ते येतात. अपघात विभागात वऱ्हाडी, हिंदी, छत्तीसगढी आणि गोंडी कानावर पडते. रात्रभर प्रवास करून आलेला माणूस ‘साहेब, आमच्या माणसाले पाह्यता का जी?’ असे अजिजीने विचारतो आणि त्याला खिडकी क्रमांक चार दाखवली जाते. गोंडी जाणणारा कक्षसेवक कोणत्या पाळीला आहे हे परिसेविकेला माहीत असणे, त्या माणसाला गरज पडताच बोलावणे आणि त्या कामाची जाहीर दखल घेणे हे नागपुरातल्या नेतृत्वाचे एक अगदी ठोस उदाहरण आहे.

उन्हाळा हा दुसरा विषय. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि शहरात २०१६ पासून उष्णतेपासून बचावाचा कृती आराखडा आहे. उष्माघात कक्षाच्या तयारीची बैठक मार्चमध्ये घेणारा वैद्यकीय अधीक्षक आणि पहिला रुग्ण दगावल्यावर बर्फ शोधणारा अधीक्षक यांच्या ज्ञानात फरक नसतो. पुढचे बघून लोकांना आधीच कामाला लावण्याची सवय एकाला असते आणि दुसऱ्याला नसते.

तिसरा विषय सिकलसेल. विदर्भात रक्तातील तांबड्या पेशींचा हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. सिकलसेलच्या रुग्णाला वेदनांचा झटका येतो, तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही आणि वारंवार वेदनाशामक मागणाऱ्या तरुणावर ‘सवय लागली आहे’ असा शिक्का बसतो. ज्या वॉर्डात वरिष्ठ डॉक्टर त्या वेदनेवर विश्वास ठेवतात आणि तसे सर्वांसमोर बोलून दाखवतात, तेथे हा शिक्का काही आठवड्यांत पुसला जातो, हे मी पाहिले आहे.

आगीच्या सरावाचाही उल्लेख केला पाहिजे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या कक्षात लागलेल्या आगीत दहा बालके दगावली. तेव्हापासून प्रत्येक वर्गात मी विचारतो: तुमच्या वॉर्डात आत्ता धूर झाला तर दार कोण उघडेल, ऑक्सिजन कोण बंद करील, कोणत्या रुग्णाला आधी हलवाल? नावासकट उत्तर येत नसेल, तर पुढचा धडा घेण्याआधी आम्ही तो सराव करतो.

आपल्या भागातील अनुकरणीय उदाहरण कोणते?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. खेड्यातील साक्षर स्त्रियांना नवजात बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि त्यावर उपचार करणे शिकवले, तर त्या ते काम घरोघरी जाऊन करू शकतात हे त्यांनी दाखवून दिले. ३९ गावांतील या कामाचा अहवाल १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला आणि त्यात तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे नमूद आहे. २०११ पासून देशभर आशाताईंच्या गृहभेटींत ही पद्धत आली. नेतृत्वाच्या दृष्टीने मला यात दिसते ते हे, की डॉक्टरांनी आपल्या हातातील काही अधिकार, इंजेक्शन देण्याचासुद्धा, कसून प्रशिक्षण देऊन आणि नियमित देखरेख ठेवून गावातील बाईच्या हाती सोपवला. अधिकार सोडायला जी खात्री आणि जी मेहनत लागते, ती हुकूम देण्याला लागत नाही.

हॉटेलातील दोन दिवसांची कार्यशाळा पुरेशी आहे का?

नाही. ती सुरुवात म्हणून ठीक आहे. परंतु तिसऱ्या दिवशी माणूस त्याच वॉर्डात, त्याच साहेबांपुढे आणि त्याच अपुऱ्या मनुष्यबळात परततो.

मग कार्यक्रम कसा असावा?

माझ्या अनुभवात सहा महिन्यांचा, कामाच्या जागीच चालणारा कार्यक्रम टिकतो. एका वॉर्डातून डॉक्टर, परिसेविका आणि एखादा कक्षसेवक किंवा तंत्रज्ञ असे तिघे एकत्र घ्यावेत, कारण एकट्याला शिकवून पाठवले की त्याचे शिकणे एकाकी पडते. त्यांनी आपल्याच वॉर्डातील एक छोटी, मोजता येणारी अडचण निवडावी: तपासणीचे अहवाल उशिरा येतात, सलाईनच्या जागी सूज येते, डिस्चार्जचा कागद मिळेपर्यंत संध्याकाळ होते. मग एक बदल आठवडाभर करून बघावा, आकडे पाहावेत, बदल सुधारावा आणि पुन्हा करून बघावा. दर पंधरा दिवसांनी अनुभवी मार्गदर्शकाने वॉर्डात येऊन त्यांच्यासोबत तासभर बसावे. राग आवरणे, कठीण बातमी सांगणे, बैठक वेळेत संपवणे, दोघांतले भांडण मिटवणे हे धडे त्या अडचणीच्या ओघात येतात आणि म्हणून लक्षात राहतात. वरिष्ठांकडून एकच गोष्ट आधी लेखी घ्यावी: या तिघांना आठवड्यातून दोन तास ड्युटीतूनच मिळतील. ज्या रुग्णालयाने तेवढे देण्याची तयारी दाखवली नाही, तेथे कार्यक्रम सुरू करण्याची घाई मी करत नाही.

उपयोग झाला की नाही, हे कसे ओळखायचे?

प्रशिक्षणानंतर भरून घेतलेल्या अभिप्रायाच्या अर्जांवर विसंबू नये, त्यांत सगळे जण चांगलेच लिहितात. थोडक्यात टळलेल्या चुकांच्या नोंदी वाढल्या का, नव्या परिचारिका पहिल्या वर्षात नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण घटले का, निवडलेल्या अडचणीचा आकडा सहा महिन्यांनंतरही सुधारलेला राहिला का, हे पाहावे. शिवाय वॉर्डात जाऊन सर्वांत कनिष्ठ व्यक्तीला, म्हणजे सफाईच्या मावशींना, एकांतात विचारावे, की काही चुकताना दिसले तर तुम्ही कोणाला सांगता? त्यांनी चटकन एखादे नाव घेतले तर मी समाधानी असतो.

नातेवाईक चिडून अंगावर येतात तेव्हा नेतृत्व काय कामाचे?

डॉक्टर आणि रुग्णालयांवरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, आणि मारहाण झाली तर संस्थेने स्वतः तक्रार नोंदवावी. ती जबाबदारी मार खाल्लेल्या निवासी डॉक्टरवर टाकू नये. त्याच्या आधीचा भाग मात्र बहुतेक वेळा आपल्या हातात असतो. गंभीर रुग्णाच्या घरच्यांना ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाने, बसवून आणि त्यांच्या भाषेत माहिती देण्याची पद्धत लावली की संतापाचे प्रसंग कमी होतात. ही पद्धत लावणे विभागप्रमुखाचे काम आहे.

आमचे वीस खाटांचे रुग्णालय आहे. आम्हाला हे परवडेल का?

तुम्हाला ते मोठ्या संस्थांपेक्षा सोपे आहे. रोज सकाळी दहा मिनिटे सर्वांनी उभ्या-उभ्या भेटावे आणि कालच्या रात्री काय अडले, आज कोणाची काळजी वाटते, एवढेच बोलावे. त्याला पैसा लागत नाही. रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या एनएबीएच या मंडळाच्या मानकांत व्यवस्थापनाच्या जबाबदाऱ्यांवर वेगळे प्रकरण आहे. मान्यता घ्यायची नसली तरी ते वाचून काढण्यासारखे आहे. पती डॉक्टर, पत्नी डॉक्टर आणि सर्व निर्णय त्या दोघांकडे, अशी आपल्याकडील लहान रुग्णालयांची नेहमीची रचना असते. दोघेही एका लग्नाला गेले असताना रुग्णालय कसे चालते, ते एकदा पाहावे.

एखादी पदवी किंवा पदविका करावी का?

रुग्णालय प्रशासनाकडे वळायचे असेल तर जरूर करावी. इग्नू या मुक्त विद्यापीठाची रुग्णालय व आरोग्य व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका नोकरी सांभाळून करता येते, आणि मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. अर्थसंकल्प, खरेदी, कायदे आणि मनुष्यबळ यांची शिस्तशीर ओळख तेथे होते. कोणताही अभ्यासक्रम निवडताना एवढे विचारावे, की यात माझ्या स्वतःच्या कामाच्या जागी करायचा प्रकल्प आहे का आणि तो बघायला कोणी येणार आहे का.

तयार केलेल्या माणसाची बदली झाली तर सगळे वाया जात नाही का?

सरकारी सेवेत बदली होणारच, आणि ज्या ठिकाणी तो माणूस जातो तेथील रुग्णांना त्याचा लाभ होतो, हेही विसरू नये. तरीही वॉर्डात काही मागे राहावे म्हणून आम्ही दोन गोष्टी करतो. कार्यक्रमात एका वॉर्डातून तिघे घेतो, कारण तिघांची बदली सहसा एकदम होत नाही. आणि प्रत्येक वॉर्डात एक जाड वही ठेवतो, ज्यात काय करून पाहिले, कोणत्या तारखेला, आकडे काय आले आणि कशाचा उपयोग झाला नाही हे हाताने लिहिलेले असते. बदली झालेल्या परिसेविकेने नव्या सिस्टरांना चार्ज देताना चाव्या, मॉर्फिनचे रजिस्टर आणि ही वही एकत्र सोपवायची, आणि वहीतील शेवटची दहा पाने दोघींनी सोबत बसून वाचायची, असा आमचा नियम आहे.